जानेवारीतली बर्फाची लादी

बायकोचं मन ओळखण्यात माझा हात धरणारा नवरा सबंध गारखेड्यात नाही, असं मी परवापर्यंत छाती ठोकून सांगत होतो. सध्या तीच छाती शेकत बसलोय!

झालं असं. भर जानेवारीत सगळं शहर मफलरीत गुंडाळलेलं, आणि आमची मनकर्णा मात्र शिट्टीला आलेल्या कुकरसारखी! घडीत घामाघूम, घडीत रडू, आणि मधल्या वेळात माझ्यावर डोळे वटारणं. शेवटी तिला डॉक्टरबाईंकडं नेलं.

"पाळी जाण्याचा काळ आहे," त्या म्हणाल्या. "हार्मोन्स कमीजास्त होतात, म्हणून अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, चिडचिड होते. घाबरू नका. खोली गार ठेवा. सुती कपडे घाला, रोज चाला, चहा-तिखट कमी करा. फारच त्रास झाला तर औषधं आहेत. आणि काका, घरातलं थोडं काम तुम्ही उचला."

मी त्यातलं 'खोली गार ठेवा' तेवढं उचललं.

रिक्षात बसल्या बसल्या मनकर्णानं दम भरला, "गल्लीत कुणाला कळलं ना, तर मी सरळ सिल्लोडला भावाकडं जाईन. परत यायची नाय!"

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचा कूलर उतरवला, खिडकीत बसवला, पडदे ओढले. पण नुसत्या पाण्यावर भागवणारा माणूस मी नव्हे! तडक बर्फाच्या कारखान्यात गेलो.

"लग्न हाय का काका?" तिथल्या सांडू नावाच्या कामगारानं विचारलं.

"नाही."

सांडूनं टोपी काढली. लादी स्वतः उचलून रिक्षात ठेवली. केवढा भला माणूस!

फाटकात शेजारचे शौकतभाई भेटले. "भाईसाब, बर्फ? एवढ्या थंडीत?"

बोटं बधिर, बोचऱ्या वाऱ्यानं डोळ्यांतून धारा, आणि तोंडाला कुलूप! "काही विचारू नका, शौकतभाई. सांगता येत नाही."

"आणि भाभी?"

मी बंद पडद्यांकडं बोट दाखवलं. "आत आहे. कुणाला भेटायची नाही."

शौकतभाईंनी मला घट्ट मिठी मारली. इतका समजूतदार शेजारी नशिबानंच मिळतो!

अंगणातून कूलरच्या टाकीत बर्फ फोडून घालतोय तोवर दारात चपलांचा ढीग. गल्लीतले कारभारी अण्णा पांढरी टोपी घालून पुढं आले. "तुमचा पोरगा पुण्याहून निघाला का? तो येईपर्यंत ही लादी पुरंल ना?"

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो अण्णा, ती आहे!"

"पहिल्या दिवशी असंच वाटतं, भाऊ," अण्णांनी माझी पाठ थोपटली.

मागून शौकतभाईंच्या शकीलाभाभी पिठल्याचं पातेलं आणि भाकरीची टोपली घेऊन हजर! मयताच्या घरी चूल पेटत नाही ना! आणि समोरच्या भागूबाईंनी तर गळाच काढला, "मनकर्णे, असं कसं गं सोडून गेलीस!" रडत रडतच त्यांनी दार ढकललं.

आत मनकर्णा कूलरपुढं पाय पसरून पेरू खात होती.

"काय गं भागू, कोण गेलं?"

भागूबाईंचा हुंदका जागीच थिजला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बोललो तर बायको सिल्लोडला, नाही बोललो तर गल्ली मला धुणार!

मनकर्णानं एकदा गर्दीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पेरू खाली ठेवला.

"मला वाफा येतात. पाळी जायचा टाइम हाय. म्हणून ह्यांनी बर्फ आणला."

फक्त कूलरची घरघर.

"या अल्ला!" शकीलाभाभी मटकन दिवाणावर बसल्या. "आणि मी समजले, मलाच काही तरी मोठी बीमारी लागली!"

"सरका जरा भाभी," भागूबाईंनी डोळे पुसले, "मला दोन वर्षं झाली."

दार आतून बंद झालं. बाहेर आम्ही पुरुष, थंडीत कुडकुडत! शौकतभाईंचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता.

संध्याकाळी बायका हसत बाहेर पडल्या. मनकर्णाचा चेहरा टवटवीत. दोन भाकरी खाऊन ती निवांत झोपलीही होती.

"बघ! बर्फाचा गुण!" मी म्हणालो.

"बर्फ कसला डोंबलाचा! आज चुलीपुढं उभं ऱ्हावं नाय लागलं, म्हणून झोप आली. पिठलं शिकून घ्या आता. दर बारीला मला मरायला जमायचं नाय!"

तेव्हापासून पिठलं मीच हलवतो. गुठळ्या राहतात, पण मनकर्णा एक शब्द न बोलता खाते. हेही हार्मोन्समुळंच का, ते एकदा डॉक्टरबाईंना विचारायचं आहे.