कुसुमआत्याच्या घराच्या पट्ट्या

आमच्या सिंदी गावात घर बांधायला काढलं की लोक आधी नारळ फोडतात. आमच्या कुसुमआत्यानं आधी भिंतीवर तक्ता ठोकला. भिंत अर्थात शेजाऱ्यांची. तिची अजून उभी व्हायची होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आत्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं, आणि कुणाचं ऐकून घेणं तर तिच्या रक्तातच नव्हतं. निवृत्ती जवळ आली तसे माझे बाबा म्हणाले, "एकट्या जिवाले कायले पाह्यजे घर? आमच्याकडे राह्य."

आत्या उसळली. "जन्मभर नोकरी केली ते काय भावाच्या घरी पाहुणी म्हणून मराले?"

"ठेकेदार रडवतीन तुले! दिवाळीपर्यंत घर झालं नाई, तर मुकाट्यानं इकडं येजो."

"मंजूर!"

झालं! आत्यानं ओळखीच्या इंजिनिअरकडून बार चार्ट, म्हणजे कामांचं वेळापत्रक मांडायचा तक्ता, शिकून घेतला. पाया, भिंती, स्लॅब, प्लास्टर, प्रत्येक कामाची एक रंगीत पट्टी, जितके दिवस तितकी लांब. एका कामावाचून दुसरं अडत असेल, तिथं लाल बाण. ठेकेदार गुलाबराव म्हणजे पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस. पण आत्यासमोर ते चौथीतल्या पोरासारखे उभे राहायचे.

"काम होऊन राह्यलं ना बाई."

"कुठवर आलं? पट्टीवर बोट ठेवा!"

ते बिचारे ठेवायचे.

"सुतार कुठं आहे?"

"स्लॅबले पाणी मारणं चालू आहे बाई. ते झालं का बलावतो."

"अन् तवर चौकटी कराले त्याचे हात दुखतात काय? दोन्ही कामं संगंच चालतात, गुलाबराव!"

एकदा मुख्य गवंड्याच्या मेहुणीचं लग्न निघालं. आत्या कडाडली, "आधी काऊन नाई सांगतलं? पट्टी टाकली असती!" आणि खरंच टाकली. पिवळी. लग्नाची म्हणून.

दिवाळीआधी घर उभं राहिलं. बाबांनी सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. खोट निघेना, तेव्हा चहा पिऊन गेले. मला मात्र आत्याचा असा काही अभिमान वाटला म्हणता!

पुढं महिन्याभरानं मी गेलो, तर गुलाबराव अंगणातला नवाकोरा ओटा फोडत होते.

"हे काऊन?"

"बाईले उतार पसंत नाई."

"चांगला तर होता!"

त्यांनी हातोडा खाली ठेवला, आवाज बारीक केला. "मले काय दिसत नाई? घर झालं अन् बाई एकल्या पडल्या. त्यायले एकटं जेवण जात नाई. आम्ही दोघं-तिघं असलो का दोन घास जास्त खातात. म्हणून मीच म्हटलं, उतार चुकला."

एवढ्यात आतून आत्या ओरडली, "गुलाबराव, सगळ्यायले घेऊन जेवाले या! भाकरी थंडी होऊन राह्यली." मग मी दिसलो. तिनं पदर खोचला, मान ताठ केली.

"बाबाले सांगजो," ती म्हणाली, "माह्या घरचं काम अजून चालू आहे."

मी हातपाय धुतले आणि गुलाबरावांच्या शेजारी जेवायला बसलो.