अक्कासाहेबांची गिरजा

शर्यतीत पहिली कोण आली हे साऱ्या जगाला ठाऊक असतं. आमच्या अक्कासाहेबांना शेवटची कोण आली ते हवं असे. शंभर मीटर असो, दोनशे असो, अडथळ्यांची असो. मी पेपर उघडून विजेतीचं नाव वाचलं की त्या माशी हाकलल्यासारखा हात हलवायच्या. "ती जिंकली, तिचं पोट भरलं. शेवटी कोण राहिली ते सांग, जल्दी."

आता पेपरवाल्यांना शेवटचीशी काय देणंघेणं? पहिल्या तिघींची नावं छापली की त्यांची शाई संपते. बायकांच्या शर्यतीला तर दोन ओळी, त्याही तेलाच्या भावांखाली. तेव्हा शेवटची बाई पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शिक्षण खात्यात कारकून होतो आणि थापा मारण्यात माझा हात धरणारा ग्वाल्हेरच्या पुऱ्या लष्कर भागात कुणी नव्हता.

लष्करातल्या पाटणकर बाजारात एका हलवायाच्या दुकानावर अक्कासाहेबांच्या तीन खोल्या होत्या. त्यातली रस्त्याकडची खोली आम्हा नवराबायकोला दिलेली. अक्कासाहेब संस्थानच्या घोड्यांच्या पागेवरच्या एका जवानाच्या विधवा. चौदाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून साठीपर्यंत त्यांनी रस्ता पाहिला तो बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआडून. आवाज मात्र असा की त्या घरात खोकल्या तर इंदरगंजच्या चौकातले टांगे आपोआप डावीकडे वळत. मला त्या नावानं आणि अरे-तुरे करून बोलावत. माझ्या बायकोला, कुसुमला, मात्र अहो-जाहो. "तुझं काय, तू सरकारी माणूस. ती घर चालवते."

हा शर्यतीचा नाद लागला तो जलेबीमुळे. खालच्या लल्लूराम हलवायानं पुडी वर पाठवली, ती पेपरात बांधलेली. पाकानं चिकट झालेल्या त्या कागदावर एक गोरी बाई फीत छातीवर घेऊन धावत होती.

"दिनकर," अक्कासाहेबांनी हाक मारली, "ही का पळून राहिली? कोण लागलंय तिच्या मागे?"

"कुणी नाही. शर्यत आहे. आपणहून पळतेय."

दोन दिवस तो कागद त्यांच्या उशाशी होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरचे काही म्हणत नाहीत?" आणि मग कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे फाटलेल्या जागी कुणाचा तरी एक कोपर आणि एक गुडघा दिसत होता. "आणि ही कोण? हिचं तोंडसुद्धा नाही घेतलं मेल्यांनी."

"ग्रेटा," मी बिनदिक्कत ठोकून दिलं. "फिनलंडची. शेवटची आली."

ग्रेटाची गिरजा व्हायला दुपार पुरली. ती कुठली, हे ऐकून घेतलं, पण त्यांचा खरा सवाल वेगळा होता: कुणाच्या घरातली? दिली कुठे? मग मी तिला एका इंजिन ड्रायव्हरला दिली. सासू कडक ठेवली, कारण सासू मऊ असती तर अक्कासाहेबांचा विश्वास बसला नसता. शंभर मीटर म्हणजे किती, ते बघायला मला बाजारात दोरी घेऊन पाठवलं. मी मोजत मोजत चौथ्या कापडवाल्यापर्यंत पोचलो आणि तिथून हात हलवला. त्या चिकाआडून कितीतरी वेळ ते अंतर बघत राहिल्या. गिरजाला एवढ्याला तेरा सेकंद लागतात, असं मी सांगितलं. खालून लल्लूराम म्हणाला, "माताजी, इतने में तो मेरा घी भी गरम नहीं होता."

"तुझं घी आळशी आहे," अक्कासाहेब म्हणाल्या.

तेव्हा संस्थान जाऊन मध्य भारत हे नवं राज्य झालं होतं. ग्वाल्हेर आणि इंदूर, दोघांनाही राजधानी हवी. म्हणून थंडीत सरकार आमच्याकडे आणि उन्हाळा लागला की फायली, खुर्च्या, माझ्यासकट कारकून, पाण्याचे माठ, सगळं रेल्वेत घालून इंदूरला. त्यामुळे ऑलिंपिक जगात भर पावसाळ्यात झालं, तरी पाटणकर बाजारात ते थेट थंडीत होई. मधल्या काळात कुणी निकाल सांगू लागलं तर अक्कासाहेब कानांवर हात ठेवत. "दिनकर येऊ दे. तोपर्यंत कुणी पळणार नाही."

गिरजा दरवेळी शेवटची. कधी पायात गोळा आला, कधी बूट सैल झाला, एकदा तर शेजारची पडली म्हणून तिला उठवायला थांबली. त्या दिवशी अक्कासाहेबांनी डोळ्याला पदर लावला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की गिरजा एकदा पहिली येईपर्यंत गोड बंद. हलवायाच्या डोक्यावर राहून. सकाळी इमरतीचा घाणा पडला की साऱ्या जिन्याला वास सुटायचा आणि अक्कासाहेब मिठाचा खडा तोंडात टाकून जपमाळ ओढायच्या.

"आता जिंकवा तिला," कुसुम रात्रंदिवस माझ्या मागे लागली. "म्हातारी संक्रांतीचा तिळगूळही खात नाही. शरम वाटते का?"

वाटत होती. पण थापाड्यालाही त्याचा धर्म असतो. जिंकली की गोष्ट संपते, आणि मग संध्याकाळी त्या दारापाशी पाट टाकून माझी वाट कशाला बघणार? असं करत चार वर्षं गेली. चार वर्षं एका बाईनं माझ्यामुळे साखर तोंडात घातली नाही, हे आज लिहितानाही जड जातं.

मग राज्यांची पुन्हा मांडामांड झाली. मध्य भारत मध्य प्रदेशात गेला आणि राजधानी ठरली भोपाळ. अक्कासाहेबांनी बातमी ऐकली नि म्हणाल्या, "ग्वाल्हेर नि इंदूर एकमेकींकडे बघत पळाल्या. फीत तिसरीनंच तोडली." सारा बाजार आठवडाभर हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत होता. माझा बदलीचा हुकूम आला, तेव्हा मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "भोपाळला पेपर येत असेल ना? बरं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पेपर उघडला. बायकांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी वाचलं, की गिरजा पहिली आली. सुरुवातीला मागे होती, मग अर्ध्यावर तिनं मान खाली घातली आणि सगळ्या एकेक करून तिच्या बाजूनं मागे सरल्या. मी संपवलं. शेवटची कोण, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. कुसुमनं पुढे केलेल्या जलेबीचा तुकडा तोंडात ठेवला. बराच वेळ तो चघळतच होत्या.

मग उठून आत गेल्या आणि एक हिरवा खण घेऊन आल्या. लग्नातला. कधी शिवलाच नव्हता. घडीच्या जागी रंग उडून पांढऱ्या रेघा पडलेल्या.

"कुसुमताई, हळदकुंकू, तांदूळ, सुकं खोबरं तुमच्या हातानं ठेवा. मी त्याला हात लावत नाही." त्या भिंतीला टेकून लांब उभ्या राहिल्या. "दिनकर, भोपाळहून विलायतेचं टपाल जात असेल. गिरजाला पाठव. आणि पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस."

"का हो?"

"विधवेकडची ओटी. तिला अजून पळायचंय."

कुसुमनं पार्सल कापडात शिवलं. शिवताना तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

भोपाळला पोचल्यावर मी खरंच पोस्टात गेलो. का गेलो, विचारू नका. खिडकीतल्या बाबूनं पार्सल वजनाला टाकलं. "भेजनेवाला?"

"नाम नहीं देना है।"

"अच्छा. पानेवाली?"

जन्मभर मी उभ्याउभ्या माणसं, गावं, आगगाड्यांचे अपघात रचले. त्या खिडकीशी मला एका गल्लीचं नाव सुचेना. पार्सल उचलून घरी आलो. कुसुमनं ते ट्रंकेत ठेवलं आणि मी अक्कासाहेबांना कार्ड टाकलं: पोचलं.

महिन्यानं लल्लूरामच्या हातचं, हिंदीत लिहिलेलं उत्तर आलं. वर त्याचा रामराम, आणि खाली: "माताजी पूछ रही हैं कि कपड़ा कम तो नहीं पड़ा। कहती हैं हमारी तो तब उमर ही क्या थी, छोटा लिया होगा। दौड़नेवाली की बाँहें भरी हुई होती हैं।"

मी कार्ड पुढे केलं. कुसुमनं ते वाचलं. मग ट्रंक उघडली, पार्सलची शिवण दातानं तोडली, तांदूळ ताटलीत काढले आणि खण जमिनीवर पसरून वितीनं मोजला. एकदा उभा, एकदा आडवा.

"भरपूर आहे म्हणून लिहा," ती म्हणाली. "एवढं तरी खरं जाऊ दे."