सुशीलाबाईंच्या अळ्या

शिवराजने कंपनीची नोकरी सोडून विद्यानगरच्या गच्चीवर टबात अळ्या पाळल्या, तेव्हा त्याच्या बायकोने, त्रिवेणीने, कपाळाला हात लावला. अळ्या भाजून सुकवायच्या आणि पाळलेल्या माशांना घालायच्या, म्हणजे सुक्या मासळीची महागडी भुकटी नको, हे त्याचं गणित. गिऱ्हाईकही घरचंच, शहराबाहेर तळ्यात रोहू पाळणारे हिम्मतमामा. रविवारपर्यंत मामांची ऑर्डर आली नाही तर सोमवारी मुकाट्याने पुन्हा कंपनी, असं त्रिवेणीने बजावलं होतं. पण शिवराज हटणारा नव्हता.

आडव्या आल्या त्या आई. सुशीलाबाईंना अन्न वाया गेलेलं खपत नाही. गौलीगुड्याच्या भाजीवाल्यांकडून सडका माल मागून आणून त्यांनी अळ्यांना स्वतःच्या हाताने पोसलं होतं. शनिवारी शिवराजने कढईत वाळू तापवली आणि बाई टबासमोर फतकल मारून बसल्या.

"माझ्या हातचं खाऊन मोठी झालेली लेकरं आहेत. कढईत नक्को."

त्याने समजावलं, हात जोडले, पण व्यर्थ. शेवटी माशाने किडा खाणं हा देवाचाच नियम, यावर मायलेकांची कशीबशी तडजोड झाली. अळ्या जिवंतच द्यायच्या, आणि देणार बाई स्वतः.

रविवारी बाईंनी डोळे मिटून पहिली मूठ तळ्यात टाकली. पाणी नुसतं उसळलं. बाईंनी डोळे उघडले आणि हरखल्याच. किती भुकेले होते हे बिचारे, असं म्हणत त्या टब रिकामा होईपर्यंत भरवत राहिल्या. मामा खूश झाले, आणि खुशीत नको ते बोलून गेले. उद्या जाळं टाकायचं, म्हणाले, सगळे मासे बाजारात.

झालं! सुशीलाबाईंनी तळ्याच्या काठावर बैठक मारली.

मामा साऱ्या जगाला पुरून उरले असते, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांची बोलती बंद. लहानपणी तिच्या हातचा मार खाल्लेला. दुपार कलली तरी बाई हलेनात. शिवराजला डोळ्यांपुढे सोमवार दिसू लागला. तरी गडी नेटाने मामांसमोर उभा राहिला.

"मामा, मासे राहणार म्हणजे रोज खाणार. खाद्य माझंच घ्या."

मामांनी सुस्कारा सोडला. "घेतो बाबा. न घेऊन जातो कुठं? आता यांना जन्मभर पोसायचंय. पण एक अट आहे. खाद्य तू घेऊन ये, अक्काला आणू नको."

"का, मामा?"

मामांनी काठाकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"त्या झाडांमागं माझं दुसरं तळं आहे. ते तिनं अजून बघितलं नाही."