सी ड्राइव्हचे हिस्सेदार

उत्तरेश्वर शिनगारे त्या शुक्रवारी कर्वेनगरच्या कोपऱ्यावर मेथीच्या दोन जुड्या आणायला गेले आणि कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक घेऊन परत आले. पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं.

"मेथी?" शैलानं विचारलं.

"अगं, याच्यावर सीडी फुकट आहे."

"मग तिचेच पराठे लाटते."

सीडीच्या पाकिटावर सोनेरी कुलपाचं चित्र होतं. आत दोन अँटीव्हायरस आणि हार्ड डिस्कचे भाग पाडून देणारं एक सॉफ्टवेअर होतं, आणि खाली ठळक अक्षरांत हमी होती की तुमचा कॉम्प्युटर आता संपूर्ण सुरक्षित. (तोवर तो असुरक्षित होता, हे उत्तरेश्वरांना माहीत नव्हतं. कळलं आणि ते भाजीवाल्यासमोरच दचकले.)

कॉम्प्युटर त्यांच्या लेकीनं, पूर्वानं, बंगळुरात नोकरी लागल्यावर घरी पाठवला होता. शैलानं जुन्या पडद्याचं झालर लावलेलं कव्हर शिवून त्याला घातलं होतं आणि उत्तरेश्वर चपला काढून, हात धुऊन मगच त्याच्यापुढे बसत. बसून करत काय? तर बघत. त्यात डिस्क आवरून ठेवायची एक सोय होती. ती सुरू केली की पडद्यावर हजारो चिमुकले रंगीत चौकोन उगवायचे आणि एकेक उचलून दुसरीकडे जाऊन बसायचे. उत्तरेश्वरांची तीस वर्षं मोजणी खात्यात जमिनीचे नकाशे काढण्यात गेली होती. त्यांना ते चौकोन शेतं वाटायचे. निळी शेतं पेरलेली, पांढरी पडीक, मधूनच एक लाल, म्हणजे तिथं नक्की विहिरीवरून भांडण असणार. पंख्याखाली बसल्या बसल्या ते बांधाबांधानं चालत जात, आंब्याखाली जरा टेकत, कुणीतरी तांब्याभर ताक आणून देई. ताक संपेपर्यंत चहा गार झालेला असे.

त्या शुक्रवारी मात्र ताक पिता पिता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढी वीस जीबी जमीन, आणि अख्खी एकाच गटात! ना पोटहिस्सा, ना हद्दीची खूण, ना राखणदार!

त्या जमिनीत पीक होतं ते एकट्या शैलाचं. ती शब्दकोडी रचायची. वीस वर्षं वाणसामानाच्या डायरीत मागच्या बाजूनं रचत आलेली होती; या वर्षी पहिल्यांदाच एका दिवाळी अंकानं तिच्याकडून पंचवीस कोडी मागवली होती, आणि खाली छापून येणार होतं, ‘रचना : शैला शिनगारे’. पाच महिने खपून तिनं ती टाइप केली होती. बुधवारी द्यायची होती. कोडं रचताना कुठं पाच घरं रिकामी राहिली की ती सवयीनं आधी नवऱ्याचं नाव घालून बघे. "पाच अक्षरं आहेत तुमची," ती म्हणे, "पण बसत नाही तुम्ही कुठंच."

तर शुक्रवारी जेवणं झाल्यावर उत्तरेश्वरांनी हिस्सेदारांची सभा बोलावली. पडद्यावर दिसणारी एकच सी ड्राइव्ह आता सी, डी, ई आणि एफ अशी चार समान हिश्श्यांत विभागली जाईल, असं त्यांनी जाहीर केलं.

"मला कशाला रं हिस्सा?" त्यांच्या आई, मालनबाई, सुपारी कातरत म्हणाल्या. "मला काय त्यात तुळस लावायची हाय?"

"आई, नंतर वाद नको."

"मग पयला मी उचलणार. ज्यानं वाटं पाडलं त्यानं शेवटी उचलायचं. तुझ्या चुलत्यांच्या वाटणीतबी तसंच झालतं."

धाराशिवकडच्या त्यांच्या गावचा हा रिवाज खरा होता. वाटे पाडणारा स्वतःसाठी चांगला तुकडा राखून ठेवू नये, म्हणून. उत्तरेश्वरांना तो एकदम पटला. मालनबाईंनी पहिली, म्हणजे सी ड्राइव्ह उचलली. शैलानं डी.

"मला कुठलीही चालेल," ती म्हणाली. "माझी कोडी तेवढी आहेत तशी राहू देत." आणि उतू जायच्या बेतात असलेल्या दुधाकडे बघावं तसं तिनं नवऱ्याकडे बघितलं.

पूर्वाला फोन लावला. "बाबा, प्लीज नका ना! सी ड्राइव्हला हात लावू नका. आणि काही करायच्या आधी बॅकअप घ्या, म्हणजे सगळ्याची एक कॉपी बाजूला काढून ठेवा. ऐकताय ना?"

"लिहून घेतोय," उत्तरेश्वर म्हणाले. खरंच लिहून घेत होते. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘बॅकअप’. त्याच्याखाली आठवण झाली म्हणून लिहिलं, ‘मेथी’. घ्यायचं दोन्ही राहून गेलं.

शनिवारी सकाळी शैला पर्स घेऊन निघाली. "नारायण पेठेत जाऊन येते, वाचनालयाचं पुस्तक बदलायचंय," म्हणाली. दारातून मागं वळून म्हणाली, "अहो, गॅस बंद आहे. दूध फ्रीजमध्ये आहे. बाकी सगळं तुमच्या हातात आहे, म्हणून लवकर येईन."

ती जिना उतरेपर्यंत सीडी आत गेली होती.

आणि सांगायला हरकत नाही, वाटणी झकास झाली! पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. गॅलरीतलं ऊन फरशीवरून सरकत त्यांच्या पायापर्यंत आलं. उत्तरेश्वर पुन्हा बांधावर जाऊन पोचले. या खेपेला मोजणीची साखळी त्यांच्याच हातात होती, चारही हिस्सेदार रांगेत हसत उभे होते, कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नव्हतं. तीस वर्षांत अशी मोजणी त्यांना बघायला मिळाली नव्हती. दोन तासांनी डोळे उघडले तर पडद्यावर चार ड्राइव्ह. शैलाची कोडी त्यांनी विधिवत तिच्या हिश्श्यात नेऊन ठेवली. एका कागदावर नकाशा काढून त्यावर मालनबाईंची सहीसुद्धा घेतली.

मग राखणदार. एक डुलक्या काढेल म्हणून त्यांनी दोन्ही अँटीव्हायरस नेमले. दोघं एका मिनिटाच्या अंतरानं कामावर रुजू झाले आणि समोरासमोर येताच दोघांनी बोंब ठोकली, "चोर!" पहिला म्हणाला, हा इसम संशयित आहे, पकडू का? दुसरा म्हणाला, हाच इसम संशयित आहे, पकडू का? उत्तरेश्वर सरकारी माणूस. त्यांनी दोन्ही अर्ज मंजूर केले. दोघांनी एकमेकांना कोंडून घातलं आणि घरात एकदम शांतता पसरली.

"माझा हिस्सा दाव बघू," मालनबाई चष्मा पुसत आल्या.

उत्तरेश्वरांनी सी ड्राइव्ह उघडली. आत पिवळ्या फोल्डरांची ही दाटी!

"ही कुणाची रं गाठोडी माझ्या रानात?"

"ते… ते पहिल्यापासूनच आहे, आई. ही मोठी विंडोज म्हणून आहे."

"कोण हाय ती? इचारून ऱ्हायली का?"

"नाही."

"मग उठव तिला."

उत्तरेश्वर क्षणभर थबकले. लेकीचे शब्द कानात होते. पण समोर सही केलेला नकाशा होता, हिस्सेदार स्वतः हजर होती, आणि आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या जमिनीवरची अतिक्रमणं कागदावर नोंदवली, त्यांच्याच घरात, त्यांच्याच आईच्या हिश्श्यात? त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवला. विंडोजला तिच्या सगळ्या बिऱ्हाडासकट स्वतःच्या एफ ड्राइव्हमध्ये जागा देऊ केली आणि माउसनं धरून ओढायला सुरुवात केली. कॉम्प्युटरनं दोनदा विनवणी केली. त्यांनी दोनदा ‘हो’ म्हटलं.

बिऱ्हाड अर्धं हललं असेल नसेल, पडदा काळा झाला. वर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ आली, तिचा अर्थ साधारण असा, की मी कोण, कुठं आहे, मला काही आठवत नाही.

"गेली?" मालनबाईंनी विचारलं.

"गेली," उत्तरेश्वर म्हणाले.

घाबरलेल्या माणसानं हात मागं बांधून उभं राहावं. उत्तरेश्वरांनी पुन्हा तीच सीडी घातली, कारण तिच्यात ‘पूर्ववत करा’ अशा अर्थाचं काहीतरी होतं. तिनं लांबलचक इंग्रजी परिच्छेद दाखवून शेवटी विचारलं, वाय की एन? उत्तरेश्वरांनी जन्मात वरचा मजकूर कधी वाचला नव्हता. कारकुनानं बोट ठेवलं की ते सही करत. त्यांनी वाय दाबलं. आणि सगळं खरोखरच पूर्ववत झालं. थेट कारखान्यात होतं तसं झालं. वीस जीबी, सलग, स्वच्छ, नांगरल्यासारखं.

शैला दोन वाजता आली, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या. उत्तरेश्वर कॉम्प्युटरला झालरीचं कव्हर घालून त्याच्याशेजारी बसले होते. तोंडावर कव्हर घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

"शैला, तुझी कोडी…"

"हं?"

"गेली. सगळी. पंचवीसच्या पंचवीस. माझ्यामुळे."

तिनं पिशवी खाली ठेवली. उत्तरेश्वरांनी डोळे मिटले. पण आवाज आला तो गूळ घातल्यासारखा. "असू दे. डायरीत कच्ची आहेत माझी. हातानं उतरवून काढू. तुमच्याइतक्या सरळ रेषा कुणाला येतात? तुम्ही चौकटी आखायच्या, मी सांगेन तशा भरायच्या. कॉम्प्युटरचं नावसुद्धा काढायचं नाही."

उत्तरेश्वरांच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते मेथीचं होतं असं ते पुढं सांगत. मेथीनं पाणी येत नाही.)

मग आले ते चार दिवस! उत्तरेश्वरांनी कचेरीत रजा टाकली. आतल्या खोलीत टेबल ओढून काळी शाई, पट्टी, टाक, सगळी जुनी हत्यारं बाहेर काढली. ते चौकटी आखत, काळी घरं भरत, शैला शेजारी बसून सांगे, "आडवा तीन, पाण्याचा उथळ साठा. उभा नऊ, रागावलेल्या सासूचा दागिना." ते चुकीची उत्तरं देत, ती हसे. दुपारी खिडकीतून शिरीषाची सावली कागदावर हलायची आणि काळीपांढरी घरं पाण्यात पडल्यासारखी दिसायची. उत्तरेश्वर त्या घरांतून शैलाचा हात धरून हिंडत. या काळ्या घराला वळसा, त्या पांढऱ्या घरात जरा बसू. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि इतकं आपण बोललोच नव्हतो, असं त्यांना वाटू लागलं. मनातल्या मनात त्यांनी त्या फुकट सीडीचेही आभार मानले.

बुधवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची गुंडाळी काखेत मारून ते नारायण पेठेत संपादकांकडे पोचले. संपादक तात्याराव. मान वर न करता म्हणाले, "काय?"

"शैला शिनगारे यांची कोडी."

"ती शनिवारी सकाळीच आली. फ्लॉपीवर. बाई स्वतः देऊन गेल्या. सोमवारी छापखान्यात गेली."

गुंडाळी उत्तरेश्वरांच्या काखेतून निसटून टेबलावर उलगडली. तात्यारावांनी एक चौकट निरखली. "रेषा चांगली आहे," ते म्हणाले. पुण्यात याहून मोठा सत्कार होत नाही. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "बसा. चहा सांगतो. पाचपर्यंत तुम्हाला बसवून ठेवा असा बाईंचा फोन आहे. घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस आलाय म्हणे."

साडेपाचला उत्तरेश्वर घरी आले. कॉम्प्युटर सुरू होता. शैला मेथी निवडत होती.

"फ्लॉपी होती?"

"तुम्ही मेथीऐवजी मासिक आणलंत, त्याच संध्याकाळी काढली. तुम्ही चिठ्ठीवर ‘बॅकअप’ लिहून झोपायला गेलात ना, तेव्हा पूर्वाचा मला पुन्हा फोन आला. तिला म्हटलं, झालंय."

"मग मी चार दिवस चौकटी कशाला आखल्या?"

"अहो, चार दिवसांत तुम्ही माउसला हात लावलात?"

"नाही."

"मग? फुकट आणि संपूर्ण सुरक्षा."

उत्तरेश्वर खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "पण तू हसत होतीस, ते?"

शैलाचे हात मेथीत थांबले. "ते फ्लॉपीवर मावत नाही," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. लगेच आवाज चढवून म्हणाली, "आणि हिश्श्यांचं म्हणाल, तर तुमची हौस राखलीय. सी सासूबाईंची, त्यांना विंडोजची कूळ म्हणून ओळख करून दिलीय. डी माझी, ई पूर्वाची."

"माझा?"

तिनं पदराखालून एक काळी फ्लॉपी काढून त्यांच्या हातावर ठेवली. वर त्यांच्याच टाकानं, त्यांच्याच काळ्या शाईत लिहिलं होतं, ‘हिस्सा एफ’.

उत्तरेश्वरांनी हात धुऊन ती आत सारली. एकच फाइल होती. एक कोडं, एकच शब्द, आडवा एक. ‘घरात शिरलेला, काढून टाकता न येणारा. पाच अक्षरी.’

"व्हायरस," उत्तरेश्वर लगेच म्हणाले. टाइप करून बघितलं. एक घर उरलं.

मालनबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "उरतंय व्हय एक? मग सवताचं नाव घालून बघ."

त्यांनी घातलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते अगदी नेमके, चपखल बसले. उत्तरेश्वर इतके हरखले की ते कायमचं जपून ठेवावं म्हणून त्यांनी सेव्हचं बटण दाबलं.

सेव्ह होईना. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली चिमुकली पट्टी शैलानं आधीच सरकवून ठेवली होती. त्यांना त्यांच्या हिश्श्यात फक्त वाचायची परवानगी होती.