याकोबचा हबीब

याकोब साळवे परदेशातून कायमचा परतला आणि पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हा मी प्रेमानं त्याचा कप काठोकाठ भरला. त्यानं तो मुकाट्यानं संपवला, "येतो" म्हणाला आणि गेला. नंतर कळलं, तो मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता त्या गावात पाहुण्याला कप अर्धाच देतात, पुन्हापुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरला की समजायचं, यजमान कंटाळला. आता सोलापुरात अर्धा कप दिला तर ठरलेली सोयरीक मोडते, त्याला मी काय करू?

गाव ताजिकिस्तानातलं, डोंगरातलं, सगळी वस्ती मुसलमानांची. लग्नबिग्न न करता याकोबनं तिथं अख्खी जवानी काढली. व्हिसा संपला, नवा मिळेना, म्हणून आला. येताना खोडी घेऊन आला. आधी "इन्शाल्ला" म्हणतो, लगेच "आमेन". चर्चच्या मंडळीच्या प्रीतिभोजनात पंगतीतून वाकत वाकत फिरतो आणि लोकांच्या ताटातल्या भाकरी सुलट्या करतो. "पालथी ठेवू नका. आमचा हबीब रागावतो."

हा हबीब म्हणजे तिथला शेजारी. हबीबचे जर्दाळू, हबीबचं गाढव, हबीबचा सल्ला! पाळकांनी विचारलं, "किती जण प्रभूकडं आले?" तर म्हणतो, "हबीब रोज यायचा. चहाला."

चर्चच्या गायनात लहानपणापासून याकोबच्या शेजारी उभा कोण? मी. शाळेत त्याचा डबा संपवला कुणी? मी. मग हा हबीब कुठला?

"मला काय त्या हबीबचं," शेंगाची चटणी कुटता कुटता मी म्हणालो.

माझी बायको मंद्रूप गावची. "दिसतंय की," ती म्हणाली. "चटणीचा पार गोळा केलासा."

गेल्या रविवारी याकोब आमच्याकडं बसला होता. त्याचा फोन वाजला. पडद्यावर पांढरी दाढी. "हबीब!" म्हणत त्यानं फोन माझ्याकडं वळवला. मी ओठ ताणून हसलो.

हबीब हसला नाही. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "अच्छा, तुम हो मनोहर! कितने साल सुना, मनोहर ऐसा गाता है, मनोहर ऐसा हंसता है. चाय मेरी पीता था, याद तुमको करता था. मेरी बीवी बोलती थी, जलो मत, वो बहुत दूर है."

मी फोन त्याच्या हातातून घेतला. याकोब खिडकीशी जाऊन चष्मा पुसत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "कायपण बोलतो येडा." मग "जातो रे" म्हणून चपला घालून बाहेर पडला. खोलीवर त्याची वाट बघणारं कुणी नाही.

मी तसाच बसून होतो. बायको दाराकडं कान देऊन उभी.

"भावजी जिन्यातच थांबल्यात," ती म्हणाली. "खाली उतरल्याचा आवाज न्हाई आला. हाक मारा की."