अंताजीपंतांचे प्यादे पायी निघाले त्याची हकीगत

श्रीगजानन प्रसन्न. जिंकणाऱ्याचा तोरा आणि हरणाऱ्याची लाज जो सारखीच सांभाळितो त्यास नमस्कार करून वर्तमान लिहिले ऐसे जे, शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, फाल्गुनमासी तिसरे प्रहरी चौसष्ट घरांचे राज्यात युद्धप्रसंग पडिला. पांढऱ्या फौजेचे धनी अंताजीपंत पोंक्षे, काळ्या फौजेचे दाजीबा खरे. दोघे बाळमित्र, आणि उभ्या जन्मात पंतांस दाजीबांवर एकही जय नाही. त्यात दाजीबा त्याच दिवशी लेकाकडे नागपुरास कायमचे निघाले, टांगा दारी उभा, म्हणोन हा डाव अखेरचा.

मग पंतांनी नेहमीचीच स्वारी काढिली. राजापुढील प्यादे पुढे घातले, आणि शेजारचे उंटाचे प्यादे शत्रूस आमिष म्हणोन दिले. या चालीने आपलाच कोट उघडा पडतो, हे पंतांवाचून साऱ्या आळीस पटलेले. दाजीबा बोलिले, "अंत्या, मरेपर्यंत हेच करणार काय रे?"

"तू घे तर खरा!"

दाजीबांनी घेतले, परंतु चित्त वळकटीकडे, म्हणोन फौज फाकली, आणि पंतांचा वजीर शत्रूचे राजद्वारी जाऊन ठाकला. आता एक खेळी, की मात. पंतांनी हात उचलिला, आणि खिडकीतले ऊन पटावर आले, आणि मोहऱ्यांच्या सावल्या लांबल्या, आणि पंतांस भासले की हेच आपले गाव, आणि मात होताच यातला एक राजा उठोन टांग्यात बसेल. मग हात माघारी आला. "वजिराची मात कसली? मानाची मात प्याद्याची," ऐसे बोलोन कडेचे प्यादे एक घर चालविले. रिवाज खरा, परंतु ते प्यादे इतके दूर, की मानास पोचेतो म्हातारे व्हावे.

"आजोबा, गाडी सुटंल!" टांगेवाला खालून ओरडला.

"आलोच!" म्हणोन दाजीबा खेळत राहिले, आणि प्यादे झोपेत चालल्यासारखे डुलत राहिले. मग दाजीबांस जाग आली. हत्ती आणिला, वजीर मारिला, आणि काही खेळींत मात केली.

"वजिराची मात दिसली नाही होय रे तुला?"

"दिसली."

दाजीबा उठले. मग खिडकीशी जाऊन बोलिले, "टांगा सोड बाबा. उद्याच्या गाडीनं जाईन." आणि येऊन मोहरे मांडू लागले.

एवंच, राज्य गेले, वजीर गेला, जन्माचा एकुलता जय हातचा गेला. जमेस एक दिवस पडिला. पंतांस पुसता तोटा म्हणत नाहीत. जैसे घडले तैसे लिहिले.