काका, थायलंड आणि बारवीचं पाणी

वसंतकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारतात, "पाणी कुठलं?"

पेला हातात आला की पहिला घोट तोंडात धरून ठेवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "बारवी धरणाचंच आहे, पण टाकी धुवा." किंवा, "बोअरचं मिसळलंय. कुणाची आयडिया?" बदलापूरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काकांना गेटवर बघितलं की लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळतात.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर राहतात, एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या घरात फिल्टर नाही. "ते मशीन चव ठेवून घेतं आणि पाणी परत देतं," असं त्यांचं म्हणणं. मला आलेली दोन स्थळं त्यांनी पाण्यावरून नाकारली. "मुलगा बरा आहे गं, पण तिथलं पाणी जड." मला स्वतःला नाही म्हणायला जमलं नसतं, म्हणून मी या बाबतीत काकांची कायम आभारी आहे.

रोज सकाळी नळाला पाणी आलं की ते पहिला पेला भरतात, खिडकीत उभे राहतात आणि पाण्याला विचारतात, "काय, बरं आहे ना?" मग पितात.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," मावशी म्हणते. "मला एकदा विचारलं नाही."

काकांचं गाव बारवी धरणात गेलं. आमच्याकडे हे वाक्य 'काकांना शुगर आहे' इतक्या सहज बोललं जातं. धरण झालं तेव्हा ते लहान होते. पुढे दर मे महिन्यात पाणी उतरलं की गावच्या देवळाचा चौथरा वर यायचा आणि काका तिथे नारळ फोडून यायचे. मग धरणाची उंची वाढवली आणि चौथरा यायचा बंद झाला. काका त्याबद्दल काही बोलले नाहीत. आम्ही कुणी विचारलंही नाही.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले, पाणी कुठलं हे न विचारता सोफ्यावर बसले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. व्हिडिओत भेगाळलेल्या मातीतून विटांचं एक जुनं देऊळ उभं होतं. पडक्या कमानीतून माणसं आतबाहेर करत होती.

"धरणातलं देऊळ हाय हे!" काका उत्तेजित झाले की त्यांच्या बोलण्यात गाव येतं. "पाण्याखाली असतं, आणि वर येतं. लोक होडीतून बघायला जातात! कॉन्व्हेंट, तुझा पासपोर्ट आहे ना?"

कॉन्व्हेंट म्हणजे मी. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझ्या आत भरपूर इंग्रजी साठलेलं आहे, फक्त तोटी उघडायचा अवकाश, असं घरात सगळे समजतात. प्रत्यक्षात मी मराठीतही रिक्षावाल्याला 'इथे थांबा' म्हणायला लाजते आणि दोन चौक पुढे उतरून चालत येते.

"कुठे आहे हे?" मी विचारलं.

"थायलंड."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पाच मिनिटांत मावशीचा फोन आला. "तुझे काका थायलंडला चाललेत! या वयात! माझे गुडघे येत नाहीत, तू जा बरोबर. आणि लक्ष ठेव!"

तिकिटांसाठी काका मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये घेऊन गेले. तिथे एक ओळखीचे सिंधी एजंट आहेत. त्यांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"अंकल, दिवाळी में रेट डबल है. लेकिन पॅकेज फर्स्ट क्लास. बीच, क्रूझ, मसाज, सब इन्क्लूडेड."

"धरण है क्या पॅकेज में?"

"डॅम?" एजंटचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "साईं, थायलंड में डॅम कौन देखता है?"

"हम."

काकांनी पॅकेज नाकारलं आणि दुप्पट भावाची नुसती तिकिटं घेतली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ते चक्क शीळ घालत होते. मलाही आतून गुदगुल्या होत होत्या. मी याआधी एकटी लोणावळ्यालाही गेलेली नव्हते.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत काकांच्या पिशवीतून दोन लिटरची बाटली निघाली.

"पाणी नेता येणार नाही," तिथला माणूस म्हणाला.

"अहो, बारवीचं आहे," काका म्हणाले. त्यांच्या मते विषय संपला होता.

तो संपला नाही. टाकून द्या म्हटल्यावर काका बाजूला झाले आणि दोन लिटर पाणी उभ्या उभ्या प्यायले. शेवटचा घोट त्या माणसालाही विचारला. याचा परिणाम असा झाला की आमच्या नावाची शेवटची घोषणा झाली तेव्हा काका तिसऱ्यांदा स्वच्छतागृहात होते. मी दारापाशी उभी राहून ओरडले, "काकाऽ, विमान!" आख्खा विमानतळ वळून बघायला लागला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं ते वाक्य. गंमत म्हणजे पळताना मी हसत होते.

दुसरी बाटली त्यांनी सामानाच्या बॅगेत लपवली होती. ती बँकॉकपर्यंत आली आणि वाटेत चिवड्यावर सांडली. मावशीने दिलेल्या फराळातल्या चकल्या तेवढ्या स्टीलच्या डब्यात होत्या म्हणून वाचल्या. चिवड्याचा लगदा झाला. काकांनी तो चाखून बघितला. "चव आली उलट," म्हणाले.

देवळाचं गाव पार ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ. सकाळच्या बसची तिकिटं काढून आम्ही स्टँडवर उभे होतो. काका समोरच्या दुकानदाराला खुणांनी पाणी कुठलं ते विचारायला गेले आणि परत येताना एका व्हॅनमध्ये चढून मला हाका मारायला लागले. मला वाटलं, व्हॅन कुठे जाते ते त्यांनी विचारलं असेल. त्यांना वाटलं, मी विचारलं असेल. व्हॅनने आम्हाला एका तरंगत्या बाजारात नेऊन सोडलं. तिथे होडीत बसायचे पैसे, उतरायचे पैसे, आणि गळ्यात अजगर घालून काढलेल्या फोटोचे वेगळे पैसे. अजगर काकांनी मागितला नव्हता, तो आपणहून आला. फोटोत काका आनंदाने चकाकताहेत आणि अजगर गंभीर आहे.

बस तर गेलीच होती. मग टॅक्सी केली. थेट डोंगरापलीकडे, दिवसभराची. तो आकडा आम्ही मावशीला अजून सांगितलेला नाही.

वाटेत तिचा फोन आला. "कुठे नेलंय तुला त्यांनी?"

"धरणावर."

"खरं सांग."

"खरंच, मावशी."

"थायलंडात जाऊन धरण? फोटो पाठव."

मी टॅक्सीतून दिसणाऱ्या डोंगरांचा पाठवला. तिचं उत्तर आलं, 'हे तर बारवीसारखंच दिसतंय. उल्लू बनवता का?'

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. रात्रभर काका झोपले नसावेत. उजाडताच आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पिशवीत नारळ घेऊन तयार. नारळ कुठून पैदा केला, देव जाणे. धक्क्याकडे जाताना त्यांची बडबड सुरू होती. कमान कशी असेल, आत मूर्ती असेल का, चौथऱ्यावर चप्पल काढायची का.

धक्क्यावर आलो.

समोर पाणी होतं. काठोकाठ, झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं, शांत आणि हिरवं. देऊळ कुठेच नव्हतं.

"दिवाळीत धरण भरलेलं असतं," काका हळूच म्हणाले. "पावसाळा आत्ता सरला. तो व्हिडिओ उन्हाळ्यातला." मग माझ्याकडे न बघता, "हे मला कळायला नको होतं?"

उभा जन्म धरणाच्या पाण्यावर निकाल देत आलेला माणूस. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी त्यांचा हात धरून सरळ एका होडीत बसले. होडीवाली माझ्या आईच्या वयाची होती. गालांवर चंदनासारखा पिवळा लेप. तिला मोडकं इंग्रजी येत होतं. मी तोटी उघडली. म्हटलं, आम्हाला देवळाकडे न्या.

"आता दिसणार नाही," ती म्हणाली.

"तरी न्या."

बरंच आत गेल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि बोटाने खाली दाखवलं. देऊळ इथे. मग बोट जरा डावीकडे नेलं. माझ्या आईचं घर तिथे, ती म्हणाली. देऊळ दिसत नाही, म्हणून भाडं निम्मंच द्या.

मी काकांना सगळं सांगितलं. सकाळपासून खिशात जपलेली नोटांची घडी त्यांनी काढली.

"सांग तिला, पूर्ण घे. देऊळ आहे ना तिथेच? दिसत नाही म्हणून पैसे कापायचे?" मग मावशीचा डबा उघडून तिच्यापुढे धरला. "आणि चकली घे म्हणावं. दिवाळी आहे."

तिने घेतली. होडी जागच्या जागी हलत होती. काकांनी नारळ न फोडता तसाच हलकेच पाण्यात सोडला, मग कडेवरून वाकून ओंजळ भरली आणि विचारलं, "काय, बरं आहे ना?"

ओंजळीतलं पाणी ते प्यायले नाहीत. बोटांमधून सगळं खाली जाऊ दिलं.

होडीवालीने मला विचारलं, काय म्हणाले ते?

इंग्रजीत हे कसं सांगतात, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, खाली सगळे बरे आहेत का, असं विचारताहेत.

ती चकली चावायची थांबली. आईचं घर होतं त्या बाजूला तिने एकदा बघितलं.

"बरे आहेत," ती म्हणाली. "सांग त्यांना."

मी सांगितलं. काकांनी मान हलवली, माझ्या हातातली दुकानातली बाटली घेतली आणि पाणी कुठलं हे न विचारता घटाघटा प्यायले.